भाकरी चिरते तिथून हिशोब सुरू करा

ताई, नमस्कार.

मी ३५ वर्षांचा, जुळे सोलापूरला राहतो. चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला आहे, हातात ३२ हजार पडतात. बायको खासगी दवाखान्यात नर्स आहे, तिच्या पाळ्या सारख्या बदलतात. मुलगी पहिलीत आहे. आई बार्शीकडे गावी असते, सणावाराला येते. दोन वर्षांपूर्वी किराणा आणि भाजी मिळून ९ हजारात भागायचं, आता १४ हजार पुरत नाहीत. घरात सगळं आयतं यायला लागलंय. सोललेला लसूण, पेस्ट, मोडाची मटकी, इडलीचं पीठ, तयार चपात्या, डाळिंबाचे दाणेसुद्धा. बायकोला भाकरी नीट जमत नाही, चिरते, म्हणून तीही विकत. ती नाईटला असली की मी ॲपवरून मागवतो. आई आली की म्हणते, "आमच्या वेळी असला आळस नव्हता," आणि मग दोन दिवस घरात अबोला. मागच्या महिन्याच्या पावत्या उतरवून सोबत पाठवतोय. बायकोला न दुखवता कसं समजावू? आणि मुलीला डाळिंब रोज लागतं, ते सोलत कोण बसणार?

– एक वाचक, जुळे सोलापूर


भाऊ, नमस्कार.

तुमची यादी दोनदा वाचली. अक्षर सुवाच्य आहे आणि रकमांच्या पुढे ग्रॅम लिहिलेत, त्याबद्दल आधी शाबासकी. पत्रं खूप येतात, पण "खर्च फार वाढलाय हो" याच्या पुढे कुणी जात नाही.

आता जरा टोचणारं बोलते. "बायकोला कसं समजावू" असं विचारलंत, आणि त्याच्याच वर दोन ओळींत लिहिलंत की ती नाईटला असली की तुम्ही ॲपवरून मागवता. तुमच्या यादीत महिन्याभरात १९ ऑर्डरी आहेत. वेळाही तुम्हीच उतरवल्यात, रात्री आठ, साडेआठ, नऊ. या वेळी ती वॉर्डात असणार. म्हणजे आयत्याची सवय लागलीय ती घरातल्या दुसऱ्याच माणसाला. समजावणं-बिमजावणं राहू द्या. त्या माणसाशी मी इथेच बोलते.

आईंच्या बोलण्याचंही आधी मिटवू, म्हणजे दिवाळीला अबोला नको. आयतं म्हणजे आळस हे मला मान्य नाही, आणि बार्शीकडच्या बाईनं तर ते म्हणूच नये. येसर काय असतं? भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाला एकत्र दळून ठेवलेलं पीठ. पाहुणे अचानक आले की फोडणीत पाणी ओतायचं, त्यात येसर कालवायचं, दहा मिनिटांत आमटी. मेतकूट, सांडगे, पापड, शेंगाची चटणी हीच जात. आणि आपली कडक भाकरी! पातळ थापायची, तव्यावरून उतरली की निखाऱ्याच्या धगीला पार वाळवायची, पाणी उरलंच नाही की बुरशी येणार कुठून. महिनोन्‌महिने टिकते, आमटीत कुस्करली की जेवण झालं. आपल्या आज्या हुशार होत्या. उन्हाळ्यात एकदा राबायच्या आणि वर्षभर आयतं खायच्या. पुढच्या वेळी आई आल्या की त्यांना येसर करायला बसवा आणि शेजारी तुम्ही बसा. टोमणा मारायला तोंड मोकळं राहणार नाही, आणि वर्षाची आमटी डब्यात येईल.

तर आयतं वाईट नाही. काही आयतं रास्त भावात मिळतं, काही लुटतं, आणि कोणतं लुटतंय ते पाकिटाकडे बघून कळत नाही. मला तरी यादीत जे आधी खटकेल वाटलं होतं ते खटकलं नाही, आणि जे मी नजरेआड केलं असतं तेच निघालं.

ज्वारीचं पीठ. अर्धा किलोचं पाकीट, ५५ रुपये. महिन्यात सोळा पाकिटं.

तुमच्या घरातली भाकरी का चिरते ते या ओळीत आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, ते ताजेपणावरच धरतं. दळून दिवस गेले की पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याची ताकद, जाते. मग कितीही मळा, थापायला घेतलं की कडेनं भेगा पडतात आणि तव्यावर टाकताना दोन तुकडे. माझ्या सासूबाई पीठ बघायच्या ते असं: चिमूट जिभेवर ठेवायच्या. गोडसर लागलं तर बसायच्या थापायला. जराशी कडवट चव आली की पीठ बाजूला काढून म्हणायच्या, "हे धिरड्याला." पाकिटातलं पीठ गिरणीतून निघून, गोदामात पडून, दुकानात लागून तुमच्या ताटात यायला किती दिवस गेले ते पाकिटावरच्या तारखेवरून बघा. तुमच्या बायकोच्या हाताला दोष देऊ नका. त्या पिठाची भाकरी माझ्या सासूबाईंनाही थापता आली नसती.

आणि आता पुढचं बघा. पीठ जुनं, म्हणून भाकरी चिरते. भाकरी चिरते, म्हणून तयार चपात्यांची पाकिटं यायला लागली, दहा चपात्यांचे ९० रुपये, महिन्यात आठ पाकिटं, म्हणजे ७२० रुपये. वर कडक भाकरी. एक आयतं दारात आलं की ते आपल्या भावकीला बोलावतं.

तेव्हा हिशोब इथून सुरू करा. ज्वारी आणा, दळून आणा. सोलापुरात राहून ज्वारीचं पीठ पाकिटातून आणणं म्हणजे पंढरपुरात राहून बुक्का टपालानं मागवणं. मंगळवेढा आपल्याच जिल्ह्यात, तिथल्या काळ्या रानातल्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय, लोक पुण्या-मुंबईहून शोधत येतात. मी गेल्या महिन्यात घेतली ती ४८ रुपये किलो पडली. गिरणीत दळणाचे किलोला ७ रुपये. म्हणजे ५५ रुपयात किलो, जिथे तुम्हाला अर्धा मिळतोय. शिवाय पाकीटबंद, लेबल लावलेल्या पिठावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी आहे, सुट्या ज्वारीवर नाही. तिघांच्या घरात चार किलोचं दळण साधारण पंधरवडा जातं. त्याहून जास्त दळू नका, नाहीतर पुन्हा विरी गेलेलं पीठ, फक्त घरचं. दळताना गिरणीवाल्याला सांगा, आधी गव्हाचं दळण झालं असेल तर पहिली मूठ बाजूला पडू द्या.

आणि सवय होईपर्यंत बायकोला (किंवा तुम्हाला, का नाही?) एक युक्ती. पीठ परातीत घेऊन मधे आळं करा, त्यात उकळतं पाणी घाला, चमच्यानं कालवा, झाकून पाच मिनिटं ठेवा. मग हाताच्या तळव्याच्या टाचेनं रगडा, बोटांनी नाही. एका भाकरीपुरतंच मळा, दुसरी थापायच्या आधी पुन्हा मळा. उकळत्या पाण्यानं पीठ धरून राहतं. सासूबाईंना हे पाणचट वाटायचं, पण नवख्या हाताला आधार आहे.

आता बाकीच्या यादीकडे येते, आणि इथे मी तुम्हाला माझी मोजपट्टी देते.

आयत्या वस्तूचे जास्तीचे पैसे आपण कशाचे देतो? वेळेचे. मग तो वेळ ताशी किती रुपयांना पडला तेवढं काढायचं. आयत्याच्या किमतीतून घरी करायला लागणारा खर्च वजा करा, राहिलं ते तुम्ही वेळेसाठी मोजलं. घरी किती मिनिटं लागली असती ते प्रामाणिकपणे धरा. तुमचे ३२ हजार, महिन्याचे २६ दिवस, रोजचे नऊ तास, म्हणजे तुमचा तास कंपनी साधारण १३७ रुपयांना घेते. जे आयतं ताशी १३७ च्या खूप वर जातं, ते तुम्हाला परवडत नाही. खाली आहे, ते खुशाल आणा.

ज्वारीचं पीठ: चार किलोला पाकिटातून ४४०, दळून २२०. वाचले २२०. गिरणीत डबा ठेवून येणं आणि परत आणणं, येता-जाता वीस मिनिटं धरा. म्हणजे तुम्ही तासाला ६६० रुपये देत होता. एवढा पगार तुमच्या साहेबाला तरी आहे का?

मोडाची मटकी, २०० ग्रॅम ४० रुपये. आत कोरडी मटकी असते जेमतेम ९० ग्रॅम, बाकी भिजल्याचं पाणी. मी घेते ती १२० रुपये किलो, म्हणजे ११ रुपयांचा माल. काम किती? रात्री भिजत टाकायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायची, वर झाकण. सगळी मिळून चार मिनिटं, बाकीचं काम मटकी स्वतः करते. ताशी चारशेच्या पुढे गेलं. आपल्या उन्हाळ्यात तर बांधली की दुसऱ्या सकाळी मोड लांबलेले असतात. मे महिन्यात फडकं दोनदा ओलं करा आणि आंबूस वास यायच्या आत फ्रीजमध्ये टाका.

शेंगदाण्याचं कूट, २०० ग्रॅम ७५. हे बघून मला हसू आलं. सोलापूरच्या घरात विकतचं कूट! शेंगदाणे १४० नं घेतले तर २०० ग्रॅमला सालं-तूट धरून ३० रुपये. अर्धा किलो भाजून, सालं पाखडून, मिक्सरला फिरवायला पंचवीस मिनिटं. ताशी अडीचशेच्या वर. मंद आचेवर भाजा आणि पूर्ण गार झाल्यावर फिरवा, थांबत थांबत. गरम दाणे एका दमात फिरवले की तेल सुटून लगदा होतो. तसा झालाच तर घाबरू नका, त्यात लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ घालून कुटा. चटणीला तेल सुटलेलंच लागतं.

सोललेला लसूण, १०० ग्रॅम ४५. घरी २० रुपयात. सोलायला दहा-बारा मिनिटं, ताशी १२५ ते १५०. हा तुमच्या रेघेवर बसतो. पाकळ्या कोमट पाण्यात दहा मिनिटं टाकल्या की सालं बोटानं निघतात, आणि पहिलीतल्या मुलीला हे काम फार आवडतं. करून बघा, तासाभरानं सगळ्या घराला लसणाचा वास येईल, तेवढं सोसा.

इडलीचं पीठ, किलो ८५. घरी तांदूळ-उडदाचे २८ आणि विजेचे दोन धरले तरी ३० रुपये, कारण किलोभर पिठात निम्मं पाणीच. वाचतात ५५. पण वाटण, भांडी, मिक्सरचं घासणं धरून अर्धा तास जातो, म्हणजे ताशी ११०. आणि पाण्याचे दिवस मोजून राहणाऱ्या आपल्या शहरात ते पिठाळ भांडं घासायला किती तांबे लागतात ते मला माहीत आहे. बायकोची नाईट संपून सकाळ होणार असेल तर हे पाकीट आणा, मी काही म्हणणार नाही.

राहिली आलं-लसूण पेस्ट, जिच्यावरून सगळ्या सासवा बोलतात. २०० ग्रॅम ५५. घरी केली तर ३५ ला पडते. वाचले वीस, वेळ वीस मिनिटं. ताशी ६० रुपये! यादीतलं सगळ्यात स्वस्त आयतं हेच. चवीचं म्हणाल तर पाकिटाच्या मागे घटक वाचा. जे वजनानं जास्त ते आधी लिहायचं असा नियम आहे, तेव्हा आलं-लसणाच्या आधी पाणी असेल तर तो ब्रँड ठेवून द्या. घरी करणार असाल तर मीठ आणि थोडं तेल घालून काचेच्या बरणीत, फ्रीजमध्येच. लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवायची पद्धत काही घरांत आहे, ती मोडा. हवा नसलेल्या त्या तेलात विषारी जंतू वाढू शकतात आणि वासावरून ते कळत नाहीत.

फक्त एक समजलं नाही. त्याच पावतीवर सोललेला लसूणही आहे आणि पेस्टही. तीन माणसांत एवढा लसूण कशाला लागतो?

मसाल्यांचं थोडक्यात: पावभाजीचा, पनीरचा, छोल्यांचा, बिर्याणीचा असे सात पुडे तुमच्या यादीत आहेत. पुडा एकदा फोडला की महिन्यात वास उडतो आणि वर्षभर कपाटात बसतो. घरचा काळा मसाला चांगला असेल तर त्यातले पाच लागत नाहीत. उन्हाळ्यात मसाला कुटायच्या डंखावर गर्दी असते, आधी नंबर लावा.

आता तुमच्या १९ ऑर्डरींकडे. प्रत्येकीवर घरपोच आणि हाताळणी मिळून सरासरी २८ रुपये पडलेत, म्हणजे ५३२ रुपये. यात तर एक दाणाही पोटात गेला नाही. आणि खरं नुकसान याहून मोठं आहे. "आणखी ४३ रुपयांची खरेदी करा, घरपोच मोफत" असं दिसलं की माणूस २८ वाचवायला ४५ ची चिप्स टाकतो. तुमच्या पावत्यांवर शेवटची ओळ बघा, बहुतेक ठिकाणी वेफर्स, कुकीज, थंड पेय. मी बेरीज केली, ११०० रुपये. ही वस्तू घ्यायची म्हणून तुम्ही ॲप उघडलं नव्हतं.

यावर उपाय साधा आहे, अगदीच जुना. फ्रीजच्या दारावर कागद आणि दोऱ्याला पेन. संपलं की लिहायचं, लगेच मागवायचं नाही. आठवड्याला एक ऑर्डर, नाहीतर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला यादी. तो फोनवर यादी घेतो, पोरगं पाठवून देतो, आणि हाताळणी वगैरे भाषा त्याला येत नाही.

दुकानात गेलात तर पाकिटावर किमतीच्या आसपास बारीक अक्षरात दर ग्रॅमचा भाव छापलेला असतो. तो छापणं आता बंधनकारक आहे. किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमचा आणि वरच्यावर किलोचा भाव असतो, म्हणून एक आणि दुसरा ताडताना गोंधळ होतो. ग्रॅमच्या भावाला हजारानं गुणा की झालं. मोठं पाकीट स्वस्तच असतं असं धरून चालू नका. शाम्पूची पुडी बाटलीहून स्वस्त पडते हे आपल्या बायकांना केव्हाच कळलंय.

तुम्ही उत्साही दिसता म्हणून आणखी एक सांगते, माझ्याच मूर्खपणाचं. काही वर्षांपूर्वी असाच हिशोबाचा झटका आला आणि एका दुकानात योजना लागली म्हणून मी पाच किलो रवा आणि तेवढाच पोहा उचलला. घरात आम्ही दोघं. पावसाळा लागला, रव्यात जाळी धरली, अळ्या झाल्या. दुकानाचा काय दोष? चाळून, उन्हात घालून, शेवटी अर्धा गल्लीतल्या कोंबड्यांना. तेव्हापासून नियम असा की साठवायचं ते अख्खं धान्य: ज्वारी, गहू, अख्खी मटकी. तेही कडक उन्हात वाळवून, कोरड्या पत्र्याच्या डब्यात, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून. ज्वारीची सुगी उन्हाळ्याच्या तोंडाला, तेव्हा घेतली तर निवडही चांगली मिळते. रवा, पीठ, दळलेलं काहीही पंधरा दिवसांपुरतं.

भाजीबाबत एक भेद लक्षात ठेवा. मॉलमधली चिरलेली भाजी, प्लास्टिकच्या डब्यातली, तिला मी हात लावत नाही. चिरल्यापासून ती सुकायला लागते आणि भाव दुपटीकडे जातो. पण लक्ष्मी मंडईत किंवा मंगळवारच्या बाजारात एखादी मावशी गोणपाटावर बसून मेथी निवडते, वाटाणा सोलते, पावट्याचे दाणे काढते. न निवडलेल्या जुडीपेक्षा दहा रुपये जास्त घेते. गेल्या रविवारी मी तिच्याकडून मेथी घेतली. तिनं माझ्यादेखत पिवळी पानं खुडली, देठ मोडून दाखवला, पिशवीत घालताना वर चार मिरच्या टाकल्या. निवडायला मला पंचवीस मिनिटं गेली असती, म्हणजे ताशी २४ रुपये. तिथे घासाघीस करू नका. हीच गोष्ट कडक भाकरीची. गल्लीतल्या बचत गटाच्या बायका करतात ती घ्या, हवी तेवढी घ्या, चपात्यांच्या पाकिटापेक्षा केव्हाही बरी. चपात्याही नाईटच्या आठवड्यात पोळी-भाजी केंद्रातून आणा. फ्रोझन मटार उन्हाळ्यात घेतला तर त्यातही काही पाप नाही.

किती वाचेल? पिठाचे महिन्याला ४४०. मटकीची चार पाकिटं, ११६. कूट चार वेळा, १८०. ऑर्डरी १९ वरून चारवर आणल्या तर ४२०. डाळिंबाच्या चार डब्यांचे, खाली सांगते, २१२. वेफर्स वगैरे ११००. बेरीज २४६८. तुमचे वाढलेले पाच हजार सगळे परत येणार नाहीत, ते मी कबूल करते. दोन वर्षांत भावही वाढलेत, आणि पोरगी चारची सहाची झाली, खाणारच. चपात्यांची पाकिटं किती कमी होतात ते भाकरी कशी जमते त्यावर.

एक मात्र सांभाळा. मी १३७ चा हिशोब तुमच्या तासावर मांडला. बायकोच्या तासावर मांडू नका. रात्रभर वॉर्डात उभं राहून आलेल्या बाईचा सकाळचा तास विकायला नसतो, तो झोपेचा आहे. त्यामुळे वरची जी कामं घरी आणलीत, ती आणणाऱ्याच्या अंगावर. गिरणीचा डबा तुमच्या गाडीवर, मटकी तुम्ही भिजत घालायची, कूट रविवारी तुम्ही फिरवायचं. पत्रात पगार लिहिलात, पावत्या लिहिल्यात, पण सुटीच्या दिवशी तुम्ही घरात काय करता ते कुठे दिसलं नाही, म्हणून ते मी भरून टाकलं. ती घरी आली आणि मटकीला मोड दिसले, तर समजावण्यासारखं फार काही उरणार नाही.

आता डाळिंब. जिल्ह्याचं नाव डाळिंबावर चालतं आणि आपण त्याचे दाणे डब्यात ९५ रुपयांना आणतो, २०० ग्रॅम. एवढ्या दाण्यांना साडेतीनशे ग्रॅम फळ पुरतं. १२० च्या भावानं ४२ रुपये, वाचले ५३. सोलायला पाच मिनिटं, तीही नीट जमलं तर. सुरीनं मधून आडवं कापू नका, तिथेच सगळे घोळ करतात. आधी देठासमोरचा मुकुट गोल कापून टोपीसारखा काढा. आत पांढऱ्या पडद्यांच्या रेघा दिसतील, पाच-सहा. त्या रेघांवरून सालीला वरून खालपर्यंत उभ्या चिरा द्या, साल कापेल एवढ्याच, दाण्याला लागू नये. मग दोन्ही अंगठे मधे घालून फळ उघडा, फाका सुट्या होतात. फाक पाण्याच्या भांड्यात धरून बोटानं चोळली की दाणे खाली बसतात, पडदे वर तरंगतात. मुलीला शेजारी बसवा, पण शाळेचा पांढरा शर्ट आधी काढून ठेवायला लावा. त्याचा डाग जात नाही.